चार तासांची झोप

कुसाबाईंच्या हातची अंघोळ झाली की बाळ चार तास झोपतं, हे जेल रोडपासून देवळाली कॅम्पापर्यंतच्या सगळ्या सासवांना तोंडपाठ होतं. बायका एकमेकींना त्यांचा नंबर देताना नावसुद्धा धड सांगत नसत. "त्या चार तासवाल्या बाई," एवढं म्हटलं की पुरे. आणि कुसाबाईंना हे ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नये. चांगलं ठाऊक होतं. दहाच्या सुमाराला त्या अंघोळ उरकायच्या, धुवट लुगड्याच्या तुकड्यात बाळाला घट्ट गुंडाळून आजीच्या मांडीवर ठेवायच्या आणि पदराला हात पुसत सांगायच्या, "आता दोन वाजेपस्तोर हूं की चूं नाय." आणि खरोखरच दोनपर्यंत घरात हूं की चूं होत नसे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट होती ती, आणि कुसाबाईंनी तो कधी लपवला नाही.

घोटीजवळच्या एका खेड्यातून त्या नवऱ्याबरोबर, धोंडीरामबरोबर, नाशिक रोडला आल्या त्याला एकतीस वर्षं झाली. धोंडीराम स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. कुसाबाईंना त्यांच्या आजीने बाळ न्हाऊ घालायला शिकवलं होतं, तेवढं भांडवल घेऊन त्या इथे आल्या. शहरातलं त्यांनी न्हाऊ घातलेलं पहिलं बाळ म्हणजे विमलाबाईंचा रवी. साडेतीन किलोचा पैलवान होता तो. अंघोळ झाली की मनसोक्त दूध प्यायचा, चार तास झोपायचा, उठला की पुन्हा वाडगाभर प्यायचा. तिथूनच कुसाबाईंचं नाव झालं.

आता त्या अठ्ठावन्नच्या होत्या, आणि गळ्यात निळ्या पट्टीचं कार्ड होतं. गेल्या वर्षी योगिनी नावाच्या एका तरतरीत मुलीने नाशिकमधल्या अशा बारा बायका गोळा केल्या, महिनाभर वर्ग घेतला आणि प्रत्येकीला कार्ड दिलं. त्यावर फोटो, खाली 'पोस्टपार्टम डौला'. म्हणजे काय, तर बाळंतपणानंतर घरी जाऊन आईला आणि बाळाला सांभाळणारी, दूध पाजायला शिकवणारी, घरच्यांना धीर देणारी बाई. "म्हणजे मी तीस वर्सं करते तेच," कुसाबाई म्हणाल्या, पण कार्ड मात्र रोज घालू लागल्या. वर्गात सांगितलेलं त्यांनी पुष्कळ ऐकलं. धुरी सोडली. नाका-कानात तेल सोडणं बंद केलं. काजळ सोडलं. पण योगिनी अंघोळीवर आणि घट्ट बांधण्यावर बोलायला लागली, तेव्हा त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या होत्या. जिला स्वतःचं लेकरू नाही, तिने अंघोळीबद्दल कुसाबाईला शिकवावं, हे जरा अतीच झालं.

म्हणून रवीला मुलगा झाला, तेव्हा विमलाबाईंनी दुसऱ्या कुणाला फोन करायचा प्रश्नच नव्हता. "कुसाबाई, बाप तुमच्या हातचा, आता लेकही तुमच्याच हातचा," त्या म्हणाल्या. कुसाबाईंना इतका आनंद झाला की मालेगाव नाक्याकडचं एक आधी ठरलेलं घर त्यांनी पुढे ढकललं.

रवीची बायको स्नेहा मूळ मालेगावची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वडिलांचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि आईला त्यांच्याजवळून हलता येत नव्हतं. त्यामुळे ती सासरीच राहिली. बाळ तीन आठवडे आधी आलं, शुक्रवारी. दोन किलो सहाशे ग्रॅम. लहानसं, पण ठीक होतं. रविवारी घरी आलं आणि सोमवारपासून कुसाबाई सुरू झाल्या.

सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन अंघोळी झाल्या. तिन्ही दिवशी बाळ दहाला झोपलं ते दोनला हललं. मंगळवारी स्नेहाने घाबरत विचारलं होतं, "मावशी, दवाखान्यात सांगितलंय दर दोन-अडीच तासांनी पाजा म्हणून. उठवू का त्याला?" तेव्हा कुसाबाई हसून म्हणाल्या होत्या, "झोपलेल्या लेकराला कोण उठवतं गं? झोपेतच वाढतं ते."

गुरुवारी सकाळी त्या जिना चढून आल्या तर दार रवीनेच उघडलं. कंपनीची वेळ होऊन गेली होती आणि तो अजून घरच्या कपड्यांत होता. रोजच्यासारखा चहाचा वास नव्हता. जेवणाच्या टेबलावर दूधपावडरचा नवाकोरा डबा, सीलसकट.

"काल संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो होतो," विमलाबाई हळू आवाजात सांगू लागल्या. त्या वीज मंडळातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि कुठलीही गोष्ट आकड्यांनीच सांगायची त्यांची सवय होती. "जन्माचं वजन दोन सहाशे. काल भरलं दोन तीनशे साठ. थोडी कावीळही दिसतेय म्हणाले. शनिवारी सकाळी परत बोलावलंय. वजन वाढलं नसेल तर ॲडमिट करायचं आणि वरचं दूध सुरू करायचं. मी म्हटलं, शनिवारपर्यंत तरी कशाला थांबा? हिला दूधच येत नाहीये."

आतल्या खोलीत स्नेहा भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने ते ऐकलं होतं, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

कुसाबाईंनी एकदा त्या डब्याकडे बघितलं. पण एकतीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. त्या मोठ्याने म्हणाल्या, "आसं कसं येत नाय? अळिवाची खीर करू, मेथीचे लाडू चालू करू. बघता बघता येईल." आणि आत जाऊन स्नेहाजवळ टेकल्या.

"मला जमत नाहीये, मावशी," स्नेहा म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "सगळ्यांना जमतं. मला नाही जमत. मला फार वाटत होतं की मी पाजीन म्हणून. आई रोज फोनवर विचारते, पितोय ना, मी हो म्हणते. आता डबा आणलाय. द्या म्हणावं एकदाचा. उपाशी तरी नको राहायला तो."

कुसाबाईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि थबकल्या. गाऊनचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी ओला होता. खांद्यावरचा टॉवेलही ओला. उशाशी आणखी एक पंचा पडला होता, तोही ओला.

"हे कशानं भिजलं गं?"

"गळतं ना सारखं. रात्री तर चादर बदलावी लागली."

कुसाबाईंनी तो पंचा हातात घेऊन बघितला. विहिरीला पाणी आहे आणि पोहरा रिकामा वर येतोय, तर विहिरीला बोल लावून काय उपयोग? "घे त्याला," त्या म्हणाल्या. "बघू दे मला."

स्नेहाने बाळाला घेतलं. गुंडाळलेलंच होतं, फक्त तोंड उघडं. त्याने चार वेळा ओठ हलवले, डोळे मिटले आणि गाढ झोपलं. तोंड मात्र छातीलाच. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाळ पितंय. कुसाबाईंनी मान वाकवून कान जवळ नेला. पिणाऱ्या बाळाचा आवाज येतो. दोन-तीनदा ओढलं की एक घुटका, पुन्हा दोन-तीनदा ओढणं, पुन्हा घुटका. अगदी बारीक, पण एकदा कानात बसला की विसरता येत नाही. इथे काहीच नव्हतं. अर्धा तास बाळ छातीशी होतं आणि घुटका एकच ऐकू आला.

त्या उठल्या आणि तडक गॅलरीत गेल्या. वाळत घालायच्या दोरीवर बाळाची तीन झबली, एक टोपरं आणि दोनच लंगोट.

"विमलताई, कालचे लंगोट कुठं हायत?"

"हेच की. कालपासूनचे."

"आन् डायपर?"

"तुम्हीच नको म्हणालात ना."

सहा दिवसांच्या बाळाची दोरी कशी भरलेली असायला हवी. सहा तरी लंगोट, वर दोन-चार मळालेले. एवढ्या वर्षांत कुसाबाईंनी कितीतरी घरांत आधी दोरीकडे बघितलं होतं आणि मग बाळाकडे. या घरात नाही बघितलं. या घरात त्यांना बघायची गरजच वाटली नव्हती; हे तर रवीचं घर.

रवी अंबडच्या एका कारखान्यात तयार सुटे भाग तपासायच्या कामावर होता. नोंद ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने मोबाइल पुढे केला. "मावशी, मी सगळं लिहून ठेवलंय. झोप हिरवी, दूध निळं." बोटाने सरकवत तो जरा उत्साहाने म्हणाला, "झोपेचं मात्र अगदी पक्कं आहे बघा. रोज दहा ते दोन. एकही दिवस चुकला नाही. तुमची कमाल आहे हं, मावशी."

कुसाबाईंना फारसं वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होते. तीन दिवस, तीन लांबलचक हिरव्या पट्ट्या. निळे ठिपके त्या पट्ट्यांच्या आधी दाटीने आणि पट्ट्यांच्या नंतर विरळ, कारण दोननंतरही बाळ सुस्तच असायचं. पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी कमी आणि दुसऱ्यापेक्षा तिसऱ्या दिवशी आणखी कमी. बाळाला भूक लागली नव्हती असं नाही. मागायची ताकद राहिली नव्हती त्याच्यात.

त्या हिरव्या पट्ट्या त्यांच्या होत्या. त्यांच्या हातच्या.

त्या वर्गात खिडकीबाहेर बघत होत्या खऱ्या, पण कान काही बंद करून घेतले नव्हते. योगिनीचं बोलणं आता शब्दन् शब्द आठवलं. लवकर आलेलं, कमी वजनाचं बाळ शांत झोपलं की घरचे खूश होतात. पण ती झोप प्रत्येक वेळी समाधानाची नसते, कधी कधी थकव्याची असते. कडक पाणी, तासभर चोळणं, घट्ट बांधणं, यात त्याची होती नव्हती ती शक्ती खर्च होते आणि ते आणखी गाढ झोपतं. रवी साडेतीन किलोचा होता. त्याला ते झेपलं. तीच अंघोळ, तोच हात, आणि हे मूठभर बाळ.

बाथरूममध्ये विमलाबाईंनी नेहमीप्रमाणे पाणी काढून ठेवलं होतं. पाट मांडलेला, तेलाची वाटी बाजूला. कुसाबाई सवयीने आत गेल्या आणि पाटावर नुसत्याच बसून राहिल्या.

कुणालाच काही कळलं नसतं. दूध कमी पडतंय, हे विमलाबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. डॉक्टरांनी डबा सुचवलाच होता. कुसाबाईंनी फक्त मान डोलवायची होती. बाळ डब्यावर वाढलं असतं, मुलगी आयुष्यभर म्हणाली असती की मला दूध आलं नाही, आणि चार तासांची अंघोळ होती तशी अब्रूने चालू राहिली असती. त्यांनी हे सगळं एका मिनिटात बघितलं. मग बादलीतलं पाणी मोरीत ओतून टाकलं.

"विमलताई," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. आवाज मोठा होता, आतल्या खोलीत पोहोचावा इतका. "तो डबा कपाटात ठेवा. वाईट नाय डबा, लागला तर काढू. पन पोरीचं दूध कमी नाय. उलट वाहून चाललंय. चूक माझी हाय."

"तुमची?" विमलाबाईंना पटेना. "तुमची कशी असेल?"

"मी झोपवत ऱ्हायले त्याला. ते पोर उपाशी झोपलं आन् आपण कौतुक करत बसलो. आजपासून अंघोळ बंद. वजन जन्मायेवढं होईस्तोवर नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं."

"अंघोळ नाही?" विमलाबाई खुर्चीवर बसल्याच. "मग तुम्ही येणार तरी कशाला?"

"त्याला उठवायला," कुसाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी रवीकडून योगिनीला फोन लावून घेतला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि झालेलं सगळं सांगितलं. काहीही सोडलं नाही. तिकडून काय ऐकावं लागेल याची त्यांनी तयारी ठेवली होती. योगिनीने विचारलं, "कुसामावशी, तुमच्या कशावरून लक्षात आलं?"

"दोरीवरनं. लंगोट दोनच व्हते."

"बरोबर. मावशी, तुम्ही करताय तसंच करा. फक्त एक, शनिवारची तारीख चुकवायची नाही. आणि मध्येच बाळ उठेनासं झालं, किंवा पिवळेपणा वाढला, तर शनिवारची वाट बघायची नाही, सरळ दवाखान्यात." एवढंच. मी सांगितलं होतं, असं एका शब्दाने म्हणाली नाही. कुसाबाईंना ती मुलगी त्या क्षणी जी आवडली ती आवडलीच.

त्या दिवसापासून घर कामाला लागलं. एरवी अकराला निघणाऱ्या कुसाबाई पाचपर्यंत थांबल्या. इतर दोन घरी फोन करून सांगितलं की दोन दिवस येणं होणार नाही. एक सासू फोनवरच फणकारली. फणकारू दे म्हणाल्या.

त्यांनी बाळाचं गुंडाळणं सोडलं. नुसत्या लंगोटावर त्याला स्नेहाच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून ओढणी पांघरली. "ऊब आईची लागू दे. कापडाची नको," त्या म्हणाल्या. आईच्या अंगावर पडल्या पडल्या बाळ चुळबुळ करू लागलं, तोंड शोधायला लागलं. स्नेहा घाईने वाकून त्याच्या तोंडाशी जाऊ लागली, तसा कुसाबाईंनी तिचा खांदा मागे धरला. "तू नको वाकू. मान मोडंल तुझी. त्याला आण तुझ्याकडं. पोटाला पोट लाव. आता थांब. जांभई दिल्यागत तोंड उघडू दे. आजून. आता!" बाळ पहिल्यांदाच मोठा घास घेतल्यासारखं छातीला लागलं.

दोन-तीन मिनिटांनी ते पुन्हा पेंगू लागलं. "आता तळव्यानं हळू दाब, म्हंजी दूध आपसूक तोंडात जातं. आन् सोड, आन् दाब." तरीही झोपलंच, तर काम रवीचं. तळपायाला अंगठा फिरवायचा, लंगोट बदलायचा, खांद्यावर घेऊन पाठ थोपटायची, मग दुसऱ्या बाजूला लावायचं. रवी इतक्या हलक्या हाताने तळपाय चोळायचा की कुसाबाई ओरडल्या, "आरं रव्या, पोस्टाचं तिकीट चिकटवतोस का? जरा जाग येऊ दे त्याला!" स्नेहा त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

छातीत राहिलेलं दूध हाताने काढायलाही कुसाबाईंनीच शिकवलं. ते पाजायला वाटी-चमचा काढणार, एवढ्यात विमलाबाई उठल्या, कपाट उघडलं आणि रुमालात बांधलेलं चांदीचं बोंडलं घेऊन आल्या. रवीचं होतं. एकतीस वर्षं जपलेलं. "उकळून आणते," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर प्रत्येक वेळी ते दहा मिनिटं उकळायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि घड्याळ लावून केलं. रात्रपाळी रवीकडे होती. दर दोन तासांनी मोबाइल वाजायचा आणि तो उठायचा. सकाळी कुसाबाई आल्या की तो डोळे चोळत हिशेब द्यायचा, कुठल्या बाजूला किती वेळ.

शुक्रवारी दुपारची गोष्ट. स्नेहा पाजत होती आणि कुसाबाई मुद्दाम लांब बसल्या होत्या, दाराशी, लसूण सोलत. पंखा बंद होता. बाहेर भंगारवाला ओरडून गेला आणि गल्ली शांत झाली. स्नेहाने एकदम मान वर केली.

"मावशी. ऐकू आलं."

"काय?"

"घुटका. हा बघा. पुन्हा आला!" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात हलला नाही, बाळाचं डोकं तिने अलगद तसंच धरून ठेवलं. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "आता नुसतं चोखतोय. पीत नाहीये," आणि कुणी न सांगता तळव्याने दाबलं. घुटका पुन्हा सुरू झाला. कुसाबाईंनी लसणाच्या ताटलीत नजर घातली. आपले हात रिकामे आहेत आणि काम चाललंय, यात इतकं सुख असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

संध्याकाळी विमलाबाई गॅलरीतून ओरडल्या, "सात! दोरीवर सात झाले, कुसाबाई!" खालच्या मजल्यावरच्या बाईने वर बघितलं. सात काय झाले, ते काही तिला कळलं नाही.

शनिवारी दवाखान्यात कुसाबाई मागे उभ्या राहिल्या होत्या. नर्सने बाळाला उघडं करून काट्यावर ठेवलं. आकडे वरखाली नाचू लागले. दोन चारशे, दोन तीनशे नव्वद, दोन चारशे दहा. बाळाने पाय झाडले. विमलाबाईंनी कुसाबाईंचा हात कधी धरला ते दोघींनाही कळलं नाही. आकडा थांबला. दोन किलो चारशे तीस.

"सत्तर ग्रॅम," रवी म्हणाला. तो हा आकडा नुसत्या तोंडाने नाही, सगळ्या अंगाने म्हणत होता. "सत्तर ग्रॅम वाढलं!"

डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं, डोळे बघितले, छातीवरची कातडी दाबून रंग बघितला. "कावीळ उतरतेय. छान. ॲडमिट नको, डबाही नको. असंच चालू द्या," ते म्हणाले, आणि स्नेहाला विचारलं, "दोन दिवसांत काय बदललंत?"

स्नेहा कुसाबाईंकडे बघायला लागली. मावशींची चूक मावशींसमोर कशी सांगायची? कुसाबाईंनी तिची अडचण ओळखली आणि पुढे आल्या. "मी अंघोळ घालून चार-चार तास झोपवत व्हते, सायेब. ते बंद केलं. आता उठवून पाजतो."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, गळ्यातल्या कार्डाकडे बघितलं. "हे तुमचं तुम्हीच ओळखलंत?"

"व्हय," कुसाबाई म्हणाल्या. मान ताठ होती.

बाळाला दोन किलो सहाशे ओलांडायला आणखी सहा दिवस लागले. त्या शुक्रवारी बाळ बरोबर दोन आठवड्यांचं झालं. घरात नाव ठेवायची गडबड सुरू होती. संघर्ष हे नाव रवीने मनात ठरवूनही टाकलं होतं. आणि त्याच दिवशी कुसाबाईंनी अंघोळीचा पाट पुन्हा मांडला.

ही बातमी जिन्याने वर गेली असावी. वरच्या मजल्यावरच्या सुवर्णाताई, ज्यांच्या मुलीला आठवा महिना होता, खास बघायला आल्या. "कुसाबाईंची अंघोळ एकदा डोळ्यांनी बघायची होती," त्या विमलाबाईंना म्हणाल्या. "आमच्या नणंदेच्या नातवाला घालायच्या ना त्या. चार तास हलायचा नाही म्हणे."

कुसाबाईंनी पाय पसरून बाळाला पायांवर घेतलं. पाणी कोमट होतं, पूर्वीसारखं वाफाळतं नाही. चोळणं हलकं आणि थोडकं. पाव तासात उरकलं. पुसलं, लंगोट बांधला, झबलं घातलं आणि सैलसर कापडात गुंडाळून स्नेहाकडे दिलं. स्नेहाने पाजलं. घुटका दाराबाहेर ऐकू यावा इतका स्पष्ट. मग बाळ झोपलं. दहा वाजले होते.

सुवर्णाताई चहा पिऊन बोलत बसल्या. त्यांना चार तास मोजायचे होते की काय कोण जाणे, पण त्या उठायचं नाव घेईनात. साडेअकराला आतल्या खोलीतून एक बारीक कुरकुर आली. मग एक किंकाळी. मग असं भोकाड, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. लाल झालेलं, मुठी आवळलेलं, सगळ्या अंगाने रडणारं बाळ. मागच्या आठवड्यात ज्याला हूं म्हणायची ताकद नव्हती, ते.

सुवर्णाताई ओशाळून विमलाबाईंकडे बघू लागल्या. "अगंबाई! चार तास म्हणत होते ना? दीड तासातच उठलं की."

एकतीस वर्षांत कुसाबाईंची अंघोळ पहिल्यांदाच फसली होती. आतून स्नेहाचा आवाज आला, "आले रे राजा, आले," आणि दुसऱ्या मिनिटाला रडणं थांबलं. कुसाबाईंनी बोट ओठांवर ठेवून सुवर्णाताईंना गप्प केलं. खोलीत शांतता पसरली, आणि त्या शांततेत पहिला घुटका ऐकू आला. मग दुसरा.

"ऐकलंत?" कुसाबाई म्हणाल्या. एवढ्या अभिमानाने त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. "भूक लागली म्हणून उठलाय. माझ्या हातचा हाय."